चंद्र्याचे रानातले पूर्वज

१ जून १९५२, रविवार

कालच्या नोंदीत चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. "चंद्र्या माझ्यामागं धावला" असं लिहिलंय. चंद्र्या दाव्याला बांधलेला होता. धावले ती मी. बाकी सगळं खरं आहे.

चंद्र्या म्हणजे अप्पांनी भालकीच्या बाजारातून आणलेला नवा बैल. कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठी पुनवेच्या बैलांच्या सणाला, घरच्या मुलीनं बैलाला हातानं पुरणपोळी चारायची असते. यंदा अप्पांची अट आहे: चारली, तरच बिदरच्या हायस्कुलात आठवीत नाव. म्हणाले, "आपल्या नौबादहून बिदरला जाताना वाटंत गुरं भेटणारच. रोज पळत घरी येणार आसशील तर नाव कामून घालायचं?"

मी भीत नाही. मी फक्त वाचलंय. आमच्या घरात वाचणारी मी पहिलीच, त्यामुळं धोका एकट्या मलाच माहीत आहे.

३ जून, दुपार

सायन्सचा धडा पुन्हा वाचला. बैल रानबैलापासून आला. रानबैल अंगानं प्रचंड, स्वभावानं रागीट. त्याचा वंश नष्ट झाला म्हणे. नष्ट कसा? सगळे गोठ्यात आलेत.

बसव्वा आत्याला सांगितलं. भडकली. "रानातनं? बसवण्णा हाय त्यो, म्हादेवाचा नंदी! शाळंत ह्येच शिकायलीस व्हय?" मग कुत्रा लांडग्यापासून आला हे तिला सांगितलंच नाही.

५ जून

सराव सुरू. गोठ्याच्या दारापर्यंत गेले. चंद्र्यानं कान हलवला. परत आले. सुरुवात उत्तम.

मांजर चुलीमागून माझ्याकडं बघत होतं. दूध ठेवून दार लावून घेतलं. कोंबड्यांची नजरही पूर्वीसारखी राहिलेली नाही.

७ जून

सराव नाही. पोट दुखत होतं. आत्या म्हणाली, "उद्या पोळी तू चार, पोट मी धरते." उद्या शंभर टक्के.

८ जून, कारहुणवी

चंद्र्याला धुतलं, शिंगं रंगवली. रंगवल्यावर ती जास्तच लांब दिसतात. अप्पांनी त्याला अंगणात मोकळा सोडला. मी ताट घेऊन पुढं झाले. त्यानं जीभ बाहेर काढली.

नंतर मी कडब्याच्या गंजीवर होते. चढले कशी, माहीत नाही. चंद्र्या मागोमाग आला आणि गंज खालून ओढू लागला. गंज हलायला लागली. मी अप्पांना हाका मारल्या, बसवण्णालाही मारल्या, मग लक्षात आलं तो खालीच आहे.

अप्पा म्हणाले, "वरडायलीस कामून, निलम्मा? तूच त्याच्या ताटात चढलीस की!"

पोळी आत्यानं चारली. चंद्र्यानं तिचं मनगट चाटलं. तिला अजून काही माहीत नाही.

९ जून

अप्पा रागावले नाहीत. "औंदा राहू दे, बाई," एवढंच म्हणाले, अगदी हळू. ते ऐकून शाळा हुकायची जी भीती वाटली, ती बैलाहून मोठी होती. रात्री जेवले नाही.

शेजारची जगदेवी नाव घालून आली. शाळा पुढच्या सोमवारी उघडते. ती म्हणाली, बाकावर तुझी जागा धरू का? मी म्हटलं, धर.

अप्पांना विचारलं, पोळ्याला चारली तर? म्हणाले, बघू. आत्या म्हणाली, तवर निम्मं पुस्तक व्हतंय की. तिला शाळेतलं काय कळतं? पहिले दोन महिने नुसती उजळणीच असते.

तेव्हा ठरलं. पोळा. बुधवार, २० ऑगस्ट १९५२, सकाळी.