रमजानातला पाण्याचा पेला

सफाक्स, ३ रमजान

प्रिय उम्मीला मुन्सिफचा सलाम.

आज दोनला ऑफिसातून आलो, कपडे धुतले. मी ठीक आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

रोजे नीट चाललेत ना, असं तू विचारलंस. उम्मी, यंदा मी रोजे धरलेले नाहीत.

गेल्या रमजानात आपल्या धाकट्या लुत्फीने मन ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळ्या सोडल्या, कारण त्यांच्यामुळे तहान लागते. "दादा, मी ठणठणीत आहे. उंटाला कसली गोळी!" म्हणून हसला. तू शेजारणींना सांगितलंस, "माझा वाघ रोजे धरतोय." तुला दोष देत नाही. त्याची पाठ मीही थोपटली. मग त्याची झोप उडाली, दहा दिवस तो गात घर रंगवत राहिला, आणि नंतर गप्प झाला. ईदच्या आदल्या दिवशी तो समुद्रात सापडला.

माझ्याही गोळ्या त्याच आहेत. डॉक्टर म्हणतात, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत आणि पाणी भरपूर प्यायचं. आजाऱ्याला सूट आहे, असं इमामसाहेबही म्हणाले. शेजारणींना काय सांगायचं ते तू ठरव. तुला आता मी एकटाच आहे.

आत्ताच गोळी घेतली, पेलाभर पाणी प्यायलो. पेला धुऊन उपडा ठेवला.

तुझा,
मुन्सिफ