अकरा जागांचा वॉर्ड

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, की दादाला आता कुठलं नवं दुखणं झालं. या खेपेला दुखणं नाही, आनंद आहे. आपल्या चिमणीला बोलावणं आलं, तेही तुझ्याच इस्पितळातून! दहा तारखेला सकाळी आठ वाजता गणवेशात हजर राहावे, एवढंच लिहिलंय. पद कोणतं, किती दिवसांसाठी, काही नाही. पण ते तिथे गेल्यावर कळेलच.

नर्सिंग पास होऊन दोन वर्षं झाली पोरीला. सात अर्ज झाले. वर्तमानपत्रात सारखं छापून येतं की हजारो नर्स कमी पडताहेत, आणि आमच्या घरात एक पास झालेली नर्स माझ्या उत्तरपत्रिकांच्या बेरजा तपासत बसलेली. दहावीच्या वर्गात मी दरवर्षी छातीठोकपणे सांगतो, की या शिक्षणाला मरण नाही. परवा एका पालकाने रस्त्यात गाठून विचारलं, की गुरुजी, तुमची मुलगी कुठे असते हो कामाला? मी घड्याळात बघितलं आणि सटकलो.

तू शब्द टाकला असशील तर कबूल करून टाक. तुझ्या वहिनीने गणवेशाला दोनदा इस्त्री केली आहे. पोर तुझ्या हवाली. तिला रागावताना हात जरा राखून, आणि आमच्यावरची माया होती तेवढीच राहू दे.

तुझा,
दादा


ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शब्द मी टाकला नव्हता. चिमणी काल संध्याकाळीच घरी परतली असेल, पण तोंडातून अक्षर काढलं नसेल, म्हणून मीच लिहिते.

माझ्या वॉर्डात बेचाळीस खाटा. नर्सच्या मंजूर जागा अकरा, भरलेल्या पाच. म्हणजे पाळीला दोघी, आणि कुणी आजारी पडली की एकटी. काल सकाळी मेट्रनबाईंनी अठरा मुली रांगेत आणल्या आणि त्यांतल्या सहा माझ्याकडे सोडल्या. त्यांत आपली चिमणी. मला वाटलं, आली बाई यांना जाग! दादा, तीन तास माझा वॉर्ड जसा असायला हवा तसा होता. प्रत्येकाचा ताप वेळेवर घेतला गेला. नऊ नंबरच्या आजोबांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते, ती दिली गेली. एकाच्या पोटरीला आलेली सूज चिमणीने हात लावून ओळखली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. मी त्याच्यासमोरून दोनदा गेले होते. मला दिसली नव्हती.

मग कारकून हजेरीपट घेऊन आला. ऑगस्टपासूनच्या कोऱ्या रकान्यांत मुलींनी सह्या करायच्या होत्या! अकरा वाजता तपासणी समिती यायची होती. नर्स पुरेशा दिसल्या नाहीत तर इस्पितळाच्या नर्सिंग कॉलेजची मान्यता जाणार होती. पाच जणींनी मान खाली घालून सह्या केल्या. चिमणी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, की आत्या, हे सहा महिने मी घरी होते ना गं? मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. समितीच्या बाईंनी मला नर्स किती म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं, की पाच. बाकीच्या आज सकाळी आणून उभ्या केल्यात.

दुपारी दोनला सगळ्या मुलींना, गरज लागल्यास कळवू, असं सांगून घालवून दिलं. गरज लागल्यास! बेचाळीस माणसं खाटांवर पडलीत आणि यांना अजून गरज लागायची आहे. नर्सचा तुटवडा म्हणे. अठरा जणी समोर उभ्या होत्या की!

रागाच्या भरात अक्षर बिघडलंय, ते पोटात घाल. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी


ता. १५ फेब्रुवारी

धाकटीस,
आशीर्वाद.

तुला एक तास तोंड मिटून बसता आलं नाही? अठरांतल्या दोघींना तरी ठेवून घेतलं असतं, त्यांत एखादी आपली असती. खरं बोलायची हौस तुझी, आणि पोट मारलंस पोरीचं. तुझी नोकरीची एकोणतीस वर्षं झाली, वर्षभरात सुटशील. तिची अजून सुरुवातही नाही. चिमणी खोलीतून बाहेर येत नाही. तुझी वहिनी तुझं नाव काढलं की उठून जाते.

माया ठेव असं लिहायची आज इच्छा नाही. लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

दादा


ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बोललास ते बरं झालं. आता माझं ऐक.

गेल्या महिन्यात, एकोणीस तारखेला, भर दुपारी माझ्या वॉर्डात एक शिंपी गेला. माझ्या जोडीची सिस्टर रजेवर होती. मी वॉर्डाच्या एका टोकाला एकाची उलटी आवरत होते, तेव्हा दुसऱ्या टोकाला याचा श्वास अडकला. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. त्याच्या बायकोने मला दोष दिला नाही. तिने एवढंच विचारलं, की सिस्टर, एवढ्या माणसांना तुम्ही एकट्याच का हो? 

त्या मृत्यूची आता चौकशी चालू आहे. आणि त्या हजेरीपटात चिमणीने ज्या रकान्यांत सह्या करायच्या होत्या, त्यांत एकोणीस जानेवारीचाही रकाना होता. केली असती, तर त्या दुपारी ती कागदोपत्री माझ्या वॉर्डात हजर असती. शिंप्याच्या बायकोने उद्या तिला विचारलं असतं, की पोरी, तू कुठे होतीस? मग तिने काय उत्तर दिलं असतं?

मला नोटीस मिळाली आहे. वॉर्डातून काढून चादरींच्या कोठीत बसवलंय. नर्स कमी म्हणून ओरडणाऱ्यांनी असलेल्या पाचांतली एक चादरींच्या घड्या मोजायला लावली, आहे की नाही हुशारी!

तू रागव, पण पत्र बंद करू नकोस.

धाकटी


ता. २८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचलं आणि चष्मा पुसत बसले. मग मला हाक मारून म्हणाले, की त्या बाकीच्या मुलींचे पत्ते आहेत का तुझ्याकडे? होते. बसची वाट बघताना आम्ही एकमेकींचे घेतले होते. आठ दिवस बाबा आणि मी घरोघर फिरलो. दोघींच्या घरच्यांनी दारातूनच वाटेला लावलं. सोळा जणींनी, सह्या केलेल्या पाचही धरून, काय घडलं ते समितीला लिहून दिलंय. मसुदा बाबांचा. कागद कोरे करकरीत, शुद्धलेखनाची एक चूक नाही, तू हसशील.

आत्या, मी रडत होते ती नोकरी गेली म्हणून नाही. त्या सूज आलेल्या माणसाला मी संध्याकाळी परत बघते असं सांगून आले होते. तो बरा आहे का, तेवढं कळव. आई म्हणते, की रुसवा संपला, एकदा येऊन जा.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
चिमणी


ता. २२ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तो माणूस मार्चातच चालत घरी गेला. हे आधी कळवायचं राहिलं, कारण कोठीतून वॉर्डात जायची मला बंदी होती. परवापासून मी परत वॉर्डात आहे. समितीने कॉलेजचे यंदाचे प्रवेश थांबवले, आणि जागा भरा म्हणून लेखी बजावलं.

माझ्या वॉर्डासाठी तुमच्यातल्या चौघींना घेतलं. तुला नाही, हे तुला कळलंच असेल. मी थेट अधीक्षकांपुढे जाऊन बसले. ते म्हणाले, की गुणांमध्ये बसली नाही. मी यादी मागितली. चौघींपैकी तिघींचे गुण तुझ्याहून कमी! तसं म्हटलं, तर ‘तुमचीच भाची ना ती?’ म्हणत त्यांनी यादी मिटली. मी लेखी उत्तर मागितलंय आणि ते मिळेपर्यंत रोज त्यांच्या दारात उभी राहणार आहे. निवृत्तीला अजून नऊ महिने आहेत मला. अजून दोन जागा रिकाम्या आहेत, त्यांतल्या एकीसाठी तू आजच अर्ज टाक.

काल जेवणाच्या सुट्टीत त्या चौघी माझ्याभोवती जमल्या. आभार कुणाचे मानायचे, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, पत्ता त्यांच्याकडे आहेच. या आठवड्यात चार पत्रं येतील. प्रत्येकीला वेगळं उत्तर लिही, एकाच्या चार नकला नको.

दादा-वहिनींना नमस्कार. माझ्यावर जीव असू दे.

तुझी,
आत्या