विजेच्या डोळ्याला छप्पर

अकोला,
ता. २ नोव्हेंबर १९६६

ती. गोदाताईच्या पायांवर धाकट्या सूर्यभानचा दंडवत.

तुझी तीन पत्रं आली. एक पोळ्याआधीचं, एक गणपतीतलं आणि तिसरं दसऱ्याचं, ज्यात तू "जिवंत आहेस ना?" असं विचारलंस. आहे. उत्तराला फार उशीर झाला, त्याची माफी असावी. शाई पातळ निघाली, दिव्याला दाब कमी असतो, आणि पोराने, शेषरावाने, आणलेला कागद इतका गुळगुळीत की ओळी घसरतात. या पत्रातही घसरल्या असतील, तर दोष कागदाचा. तुझी कंबर कशी आहे? तेल चोळतेस का? अचलपुरात पहाटे गारवा पडू लागला असेल, अनवाणी आंगणात जाऊ नकोस. आणि तू तिन्ही पत्रांत विचारलंस म्हणून सांगतो, माझे डोळे ठणठणीत आहेत. तू मागच्या वर्षी अमरावतीला मोतीबिंदू काढून घेतलास आणि आता सुईत दोरा ओवतेस, आनंद आहे. पण प्रत्येकालाच ते लागतं असं नाही. (डोळ्याला सुरी लावून घेऊ नकोस, असं तुला लिहिणारा मीच होतो, हे माझ्या लक्षात आहे. तुझ्याही असेलच.)

उशिराचं खरं कारण म्हणजे एक यंत्र. पोराच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात मी रोज बसतो, हे तुला ठाऊक आहे. कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं वायरमन होतो, आता घरी बसून छताकडे पाहायचं का? श्रावणात अमरावतीचा डोमाजी हॉटेलवाला एक पेटी घेऊन आला. चिखलदऱ्याला कोणा साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकलं गेलं, त्यात त्याने ती उचलली. टेबलाएवढी, उतरती, वर काच, आत खिळे आणि रबराच्या गिरद्या. दांडी ओढून सोडली की लोखंडी गोळी वर धावते, आपटत आपटत खाली येते, आणि मधल्या फटीतून गेली तर घंटी वाजते. त्या एका घंटीसाठी शहाणी माणसं तासभर उभी राहतात म्हणे. डोमाजीला ती दसऱ्याला हॉटेलात मांडायची होती, पण घंटीची पितळी पट्टी झिजून गेलेली आणि तसली पट्टी इकडे मिळत नाही.

इथे शेषरावाचा दोस्त बंडू मध्ये पडला. हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे आणि तिथे जे करू देत नाहीत ते आमच्या दुकानात येऊन करतो. तो म्हणाला, पट्टीच नको. फटीच्या एका बाजूला काळ्या काचेमागे बल्ब लावू, त्यातून न दिसणारा उजेड निघतो, त्याला इन्फ्रारेड म्हणतात. समोर विजेचा डोळा. गोळीने उजेड अडवला की घंटी. विजेचा डोळा कुठे मिळेना, तर रेडिओतल्या ट्रान्झिस्टरचाच करायचं ठरलं. ती वालाच्या दाण्याएवढी काचेची कुपी असते, वरून काळा रंग दिलेला. रंग आहे तोवर ती आंधळी, खरडला की तिला दिसू लागतं. खरडायचं काम मी मागून घेतलं. पहिली कुपी फुटली. (ब्लेड बोथट होतं.) दुसरी मात्र नखाने चाचपत, ब्लेडने अशी साफ केली की बंडूने पाठ थोपटली. हाताला अजून सगळं दिसतं, ताई.

मग झाली फजिती. बंडू म्हणाला, "काका, पाहा बरं, उजेड दिसून राहिला का?" मला काही दिसत नव्हतं. पण हल्ली मला असं कोणी विचारलं की मी हो म्हणून मोकळा होतो, मग ते मांजर असो की पाहुणा. मी डोळे बारीक करून सांगितलं, दिसतो ना, तांबडा, सुतासारखा बारीक. बंडू हळूच म्हणाला, "काका, हा उजेड कोणालेच दिसत नाही." आणि शेषराव म्हणाला, "मी तर अजून बटनबी दाबलं नाही." सूनबाई चहा घेऊन आलेली, ती शकुन गप्प बसते की काय! "मामाजी, मंग परवा तांदळातले खडेबी असेच दिसले का तुमाले?" मी चहा प्यालो. (कप बरोबर सापडला.)

त्यानंतर तपासणी माझ्याकडे आली, कारण तिला फक्त कान लागतात. गोळी हाताने थेट फटीतून शंभर वेळा सोडायची, घंटी वाजली की एक चिंचोका वाटीत टाकायचा. पहिल्या शंभरात एकसष्ट. बंडू म्हणाला, दारातून ऊन येतं, त्याने डोळा दिपतो, आपला बारीक उजेड अडला तरी त्याला कळत नाही. मग मी यंत्रासकट घोंगडी पांघरून बसलो. ऑक्टोबरचं अकोल्याचं ऊन, वर पत्रा, आत मी! पण चिंचोके भरले अठ्ठ्याण्णव. मी घामाने निथळत बाहेर आलो, तर डोमाजी म्हणतो, "वा भाऊ! आता गिऱ्हाइकाले घोंगडीत बसवू का?"

सगळे डोकं धरून बसले. मला मात्र त्या कुपीची दया आली. उन्हात नेमकं काय होतं, ते मला विचारा. समोर नुसता पांढरा भपका, त्यात माणूस कुठला आणि खांब कुठला. मी काय करतो? कपाळावर आडवा हात धरतो. तसं हिलाही छप्पर पाहिजे. मी डब्याचा पत्रा कापून नखाएवढी टोपी वळवली आणि कुपीवर बसवली. दार उघडं, ऊन भरपूर, आणि चिंचोके नव्याण्णव! (शंभरावा बहुतेक वाटीबाहेर पडला. मी शोधला नाही.)

डोमाजी नाचायचा बाकी होता. शेषराव तेवढा माझ्याकडे पाहत राहिला. तो बोलतो कमी, आपल्या बाबांसारखा. अवजारं आवरताना म्हणाला, "बाबा, त्या डोळ्याचा आपण आधी रंग खरडला, मंग छप्पर लावलं. तुमी नुस्तं छप्परच लावून राहिले." मी पाय धुवायला गेलो.

दसऱ्याला अमरावतीत घंटी दिवसभर वाजली. मी कोपऱ्यात बसून ऐकली, एकदाही चुकली नाही. पत्र इथे पुरं करतो. माझी काळजी करू नये.

तुझा
सूर्यभान

ता. क. शाई चांगली आहे. दिवाही चांगला आहे. कागदाबद्दल लिहिलेलं खोडायचं होतं, पण ती ओळ सापडत नाही.

आणखी ता. क. दसऱ्याला अमरावतीला गेलो होतो, तेव्हा तुझ्याच त्या डॉक्टरकडे नाव घालून आलो. तुळशीचं लग्न झालं की पुढच्या सोमवारी. शेषराव येणार आहे, पण तो घाबरला तर मी कोणाकडे पाहू? तू येशील का? मी तुझ्या वेळेला आलो नव्हतो. लाजेने नाही, भीतीने. हे शकुनला सांगू नकोस.

शेवटचं. डोळ्याची पट्टी सुटली की बोटं दाखवून तूच मला तपास. मात्र एकदा बोट न दाखवताच विचार, किती म्हणून. मी "दोन" म्हणालो, तर डॉक्टरला परत बोलाव. तुझी तिन्ही पत्रं शकुननेच वाचून दाखवली, त्यामुळे गणपतीतल्या पत्रात तू तिच्या वरणाबद्दल जे लिहिलंस तेही तिने एक शब्द न गाळता वाचलं. तेव्हा येतेस की नाही ते लवकर कळव, आणि अक्षर मोठं काढ.