शिशाच्या कोटाची घडी

आये, आज मी एक्स-रेच्या खोलीत भांडले. जिंकले पण. तरी घरी आल्यावर सगळा राग तुझ्यावरच निघायला लागलाय, म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं, तुला तर तेवढंही वाचता येत नव्हतं, तवा चुका राहिल्या तर राहू देत.

दुष्काळात आटपाडी सोडून आपण सांगलीला आलो आणि तुला त्या दवाखान्यात आयाचं काम लागलं. हातपाय मोडलेली पोरं फोटोला हलायची, त्यांना तू धरायचीस. मी दुपारी तुझी भाकरी घेऊन दाराशी उभी. आत पोरगं बोंबलतंय, मग तुझा आवाज, "कुटं गेली रं चिमणी? ती बघ, ती बघ," आणि एकदम गप्प. टेक्निशियन बाहेर येऊन म्हणायचा, "मावशी असली की प्लेट वाया जात नाही." तू फुलायचीस. लय फुलायचीस.

मोठ्या डॉक्टरांनी एकदा सगळ्यांना उभं करून नियम सांगितला. पोराला त्याच्या घरच्या माणसानं धरायचं, अंगात शिशाचा कोट घालून. नोकरमाणसानं रोज रोज धरायचं नाही, ते किरण दिसत नाहीत पण बाधतात. सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी टेक्निशियननं पोराच्या आईला बाहेर काढलं, "बाया रडत्यात, खोळंबा होतो," आणि तुला हाक मारली. कोट कपाटात. किल्ली सिस्टरबाईंच्या कमरेला. फाटला तर डेडस्टॉकच्या वहीत, सामानाच्या हिशोबात, उत्तर कोण देणार म्हणे! आणि तू त्यांच्या वरताण. लग्नातल्या शालूसारखी त्या कोटाची घडी घालून, वर फडकं टाकून ठेवायचीस. मी म्हणाले, "आये, घाल की गं तो." तू हातानंच तव्यावरची भाकरी उलटत होतीस. "गप बस. त्या काळ्या कोटाला बघून पोरं भित्यात. आन् माज्याच हातात गप ऱ्हात्यात ती, दुसऱ्याच्या न्हाई."

मग तुझ्या बोटांची कातडी तडकायला लागली, नखं काळी पडली. तू खोबरेल चोळत बसलीस. पुढं अंगातलं रक्तच कमी होत गेलं. कशानं, ते नक्की सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. येत नसेल. पण तू गेल्यावर तो कोट बाहेर काढला तर घडीघडीवर चिरलेला. तो टांगून ठेवायचा असतो, असं भिंतीवर लिहिलं होतं. तेव्हा आपल्या दोघींनाही वाचता येत नव्हतं, मी अक्षरं मागून शिकले; त्यांना येत होतं ना?

तुझ्या जागी मला घेतलं. नियम तोच आहे, भिंतीवरचा कागद तेवढा नवा लागतो. आज टेक्निशियननं आमच्या रहिमतपूरच्या पोरीला हाक मारली. नवी आया, पोटुशी. "धर गं जरा, मिनिटाचं काम हाय." मी दारात आडवी झाले.

"तिला हात लावू देणार न्हाई. पोराची आई बाकावर बसलीय, तिला बोलव. कोट चढव."

"मावशी, तिला जमायचं न्हाई. प्लेट वाया जाईल."

"जाऊ दे. तुझी बायको पोटुशी असती तर तिला म्हणाला असतास, धर जरा?"

तो पुटपुटत खुंटीवरचा नवा कोट आणायला गेला. मी पोराच्या आईला बाजूला घेऊन विचारलं, दिवस गेलेत का. नाही म्हणाली. कोट चढवला, तिनं पोराचा दंड धरला आणि नुसतं "बाळा" म्हणाली. पोरगं गप्प. पहिल्याच दमात प्लेट स्वच्छ आली.

"झालं की वो मावशी," टेक्निशियन हसत म्हणाला. मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. इतकं सोपं होतं, आये. तेव्हाही पोरांच्या आया बाहेर त्याच बाकावर बसलेल्या असायच्या. भाकरीचं फडकं धरून मी त्यांना रोज बघत होते. कुणीही धरलं असतं. तुझ्या हातांची गरजच नव्हती.

हा कागद तुझ्या फोटोमागं ठेवायचा म्हणून लिहायला घेतला होता. नाही ठेवत. तू जिवंत असतीस तरी हे तुला सांगितलं नसतं. जन्मात तुझं कुणी कौतुक केलं, ते तेवढ्या एका गोष्टीचं.