अस्वलाची भाकरी

७ फेब्रुवारी १९५८, वलवण

बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागला. बैलगाडीवर फळी फिरली. तिच्यावर अस्वल, मुलगी आणि लाल अक्षरं : ‘मुलाबाळांसह पाहा! परदेशी परीकथा!’ आमच्या शिवणवर्गातल्या पोरी मशीन सोडून खिडकीला चिकटल्या. शेजारच्या सोनामावशींनी नातवंडांना न्यायचं कबूलही केलं.

ह्यांना विचारलं, येता का?

“न्हाई.”

इटलीच्या लढाईवरून आल्यापासून हा एकच शब्द पाठ. धरणावर पहारा आणि घरात मौन. संध्याकाळी पहिल्या भाकरीचा चतकोर मोडून मागच्या दगडी गडग्यावर ठेवून आले, रोजच्यासारखा. कुणासाठी, हे लग्न झाल्यापासून विचारतेय. सासूबाई म्हणायच्या, “लढाईवरनं आल्यापासनं हाय त्ये. तू नगं इचारू.” कावळे मात्र माजलेत.

८ फेब्रु.

काय सिनेमा! असा कधी पाहिला नव्हता.

बर्फातलं गाव, शत्रूचं सैन्य. पाणचक्कीखाली एक अस्वल राहतं, बोलतं मेलेल्या आजीच्या आवाजात. लहान मुलीकडे रोज अर्धा पाव मागतं आणि बदल्यात गावातल्या बापांना आपल्या केसांत लपवतं. अस्वलाची भीती वाटते, पण खरी धडकी भरते ती शत्रूच्या साहेबाची. स्वतःचे बूट स्वतः पुसतो, मुलांना गोड बोलून लिमलेटच्या गोळ्या वाटतो नि विचारतो, बाबा कुठे? एक पोरगं गोळी घेतं आणि बोट दाखवतं. पुढचं लिहवत नाही.

तंबूवाला मास्तर कर्ण्यातून कीर्तनकारासारखा अर्थ सांगत होता. तिथे त्यानंही कर्णा खाली ठेवला. नुसतं मशीन खरखरत राहिलं.

पोरं भोकाड पसरून बाहेर. सोनामावशी कडाडल्या, “मुडदा बशिवला त्या तंबूवाल्याचा! परीकता म्हनं!” मी मात्र शेवटपर्यंत बसले. रडले, आणि बरं वाटलं. राक्षस दाखवून माणसाबद्दल एवढं खरं बोलता येतं तर.

९ फेब्रु.

फळीवर आज ‘फक्त मोठ्यांसाठी’. झालं, गर्दी दुप्पट. मीही पुन्हा जाऊन आले. दुसऱ्यांदा जास्तच आवडला.

जेवताना ह्यांना गोष्ट सांगत होते. ऐकतात की नाही, देव जाणे. अस्वल पाव मागतं इथवर आले नि ह्यांचा घास हातातच राहिला.

“पोरगी केवडी?”

“असेल सात-आठ वर्षांची.”

ताटावरून उठले. भात तसाच. मी मेली बोलत बसले उगीच. पण विचारलं तरी त्यांनी काहीतरी! संसार केला ह्यांच्याशी, पण लढाईवर गेलेला तो माणूस मला अजून भेटलेलाच नाही. एकदा तरी भेटायला हवा.

११ फेब्रु.

तंबूचा शेवटचा दिवस. दुपारी हे धुतलेला सदरा घालून दारात. “चल.” मी चुलीवरचं दूध तसंच उतरवलं, हात पुसत निघाले.

अंधारात मी पडद्याकडे कमी, ह्यांच्याकडेच जास्त पाहत होते. अस्वल आलं, हे स्वस्थ. बंदुका वाजल्या, तरी स्वस्थ. साहेबानं त्या पोरापुढे लिमलेटची पुडी धरली आणि हे उभेच राहिले.

“घिऊ नगं! पोरी, घिऊ नगं!”

पडद्यावर तर मुलगा होता. सगळा तंबू वळला. कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, “बसा भाऊ, बसा.” मी सदरा धरून खाली ओढलं. मग शेवटपर्यंत बसले. शेवटी मुलीचा पाव चक्कीपाशी तसाच पडलेला, वर बर्फ. अस्वल होतं की नव्हतं, सिनेमा सांगत नाही.

वाटेत धरणाच्या भिंतीपाशी थांबले. “आमच्या पलटनीच्या लंगरावर यायची येक पोरगी. पाव न्यायला. आमी बिस्किटं बी द्यायचो. मंग येक दिस...”

एवढंच बोलून चालू लागले. मी मागोमाग.

१२ फेब्रु.

मैदान रिकामं. खुंट्यांची भोकं तेवढी राहिलीत. सोनामावशी अजून मास्तरच्या सात पिढ्या उद्धरताहेत. मी त्याला मनातून हात जोडले.

आत्ता संध्याकाळी पहिली भाकरी उतरवली. ह्यांनी चतकोर मोडला आणि माझ्या हातावर ठेवला.

“आज तू ठिव.”

ठेवला. कावळे टपलेले होतेच. विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

“ठावं न्हाई. इचारलंच न्हाई कदी.” मग कावळ्यांना हाकलून, “सांगतो. तू जा म्होरं.”

घरात येऊन दोन पाट समोरासमोर मांडलेत. भाकऱ्या झाकून ठेवल्यात. हे अजून गडग्यापाशीच.