अग्रलेखातलं ‘आम्ही’

ता. ४

चि. धाकट्यास,
आशीर्वाद मागाहून.

मेट्रनबाईंनी तुझा अग्रलेख सूचनाफलकावर चिकटवला तेव्हा मी हातमोजे काढत होते. उभ्याउभ्याच वाचला. आम्हाला खात्री आहे की हाच उमेदवार निवडून यायला हवा, त्यांचं दार कुणासाठीही बंद नसतं, असं तू लिहिलंस.

दाराचं वाक्य माझं. बाळंतिणींचा वॉर्ड बंद होऊ नये म्हणून आम्ही नर्सेसनी या गृहस्थांच्या कचेरीत किती खेटे घातले, ते तुला कळवलं होतं. त्यात लिहिलं होतं की त्यांचं दार कुणासाठीही बंद नसतं; आत कुणी असेल तर बंद करणार ना! पुढचं अर्धं तू गिळलंस.

हे मी चहाच्या वेळी नक्कल करून सगळ्यांना ऐकवलेलं. भाऊ पेपरात असतो हेही ठाऊक. त्यामुळे मी त्या उमेदवाराला सामील झाले असं सगळ्या धरून चालल्यात. मी खोलीत शिरले की बोलणं थांबतं. नव्या नर्सने तर बदली चांगल्या ठिकाणी ठरली का, असं हसत विचारलं. मला हसता आलं नाही.

हे ‘आम्ही’ कोण रे? लहानपणी कप फोडलास की आमच्याकडून फुटला म्हणायचास, आणि आई विचारायची की बाकीचे कुठे लपलेत. मीही तेच विचारते. त्यात मला धरलंयस का?

तुझी,
ताई

ता. ७

ती. ताईस,
नमस्कार करायला तोंड नाही, तरी करतो.

पाठिंबा कुणाला द्यायचा ते मालकांनी ठरवलं. मी त्या माणसाला एकदाही भेटलेलो नाही. मजकुराचा नुसता भुसा झाला होता, एक तरी जिवंत वाक्य हवं होतं. तुझं आठवलं. पुढचं अर्धं विसरलो, असं इथे आधी लिहिलं होतं, ते खोडलंय. विसरलो नव्हतो. वाक्य छान बसलं आणि मी खुशीत चहा प्यायला गेलो.

संपादकांना सांगितलं. फार तर ‘नजरचुकीने’ म्हणून एक ओळ टाकू, म्हणाले. नजर चुकली नव्हती. वॉर्डात येऊन माफी मागावी असंही वाटलं. पण छापलं ते गावभर वाचलं गेलं, आणि माफी मात्र कानात सांगायची?

अग्रलेखाखाली नाव नसतं. त्याच पानावर वाचकांच्या पत्रांखाली असतं, आणि ती पत्रं मी निवडतो. उद्याच्या अंकात वाचक म्हणून माझंच पत्र लावलंय. तुझं वाक्य पूर्ण दिलंय, बहिणीचं आहे आणि तिला न विचारता मी ते मोडलं, असं लिहिलंय. ‘मी’ लिहायची सवय गेलीय. पुन्हापुन्हा ‘आम्ही’ होत होतं. संपादकांनी पान पाहिलेलं नाही. उद्या पाहतील. खुर्ची राहील असं वाटत नाही.

रागावलेली राहा, पण लिहीत राहा.

तुझा,
धाकटा

ता. ८

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पेपरातलं पत्र वाचलं. टपालाने काही पाठवलं असशील तर अजून यायचंय. मेट्रनबाईंनी ते सगळ्यांपुढे मोठ्याने वाचलं. बहिणीचं वाक्य मोडलं, ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. नव्या नर्सने माझी माफी मागितली. मला वाटलं होतं, बरं वाटेल. पण माझ्यापायी तुझं नाव असं छापलेलं पाहून माझीच मान खाली गेली.

नोकरीचं काय झालं ते कळव. इकडेच ये. जेवणाची आबाळ करू नकोस.

आज सकाळी वॉर्डातल्या खाटा न्यायला ट्रक आला. आम्ही सगळ्या खाटांपुढे उभ्या राहिलो. मेट्रनबाईंनी मला आपल्या शेजारी बोलावलं. ट्रक अजून अंगणात उभा आहे.

लोभ आहेच.
ताई