विहीणबाई, दोन अठ्ठ्या आणि स्कूटरची चावी

शहापूर, बेळगाव
रविवार, २७ जुलै २०२५

चि. परशराम यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आक्काने परवा फोनवरून निपाणीला तुझ्या कानी जी हकिकत घातली, तिच्यात इतक्या चुका आहेत की त्या दुरुस्त केल्याखेरीज तुझी प्रकृती विचारणेही मला प्रशस्त वाटत नाही. (तरी विचारतो. गुडघा कसा आहे? तेल चोळतोस, की नुसतीच बाटली उशाशी ठेवतोस?) मी ‘जुगारात स्कूटर घालवली’ असे ती म्हणाली. चिंचोक्यांवर खेळतात त्याला जुगार म्हणत नाहीत. आणि स्कूटर गेलेली नाही, ती दारातच उभी आहे. गेली ती चावी. शिवाय ‘दाजी रोज हरतात’ हे विधान तर सर्वस्वी असत्य आहे. चावी गेल्यानंतरही मी तीन वेळा जिंकलो आहे. चाळीस वर्षे मुलांचे निबंध तपासलेल्या माणसाविषयी घरातूनच अशी बेजबाबदार विधाने बाहेर पडावीत, याचे दुःख होते.

आता घडले ते क्रमाने सांगतो. आमच्या रविराजच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई गुणाबाई, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे येऊन राहिल्या आहेत, हे तुला ठाऊकच आहे. तुझ्याच जीपने त्या आल्या. डॉक्टरांनी दूरदर्शन आणि मोबाईल दोन्ही बंद केले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातांना काम नाही, आणि बाई तर जन्मात कधी रिकामी बसलेली नाही. तेव्हा आमची नात पूर्णिमा हिने त्यांच्यासाठी ठळक छपाईची पाने आणून आम्हां सर्वांना पोकर शिकवला. (ती महाविद्यालयात मानसशास्त्र शिकते. त्या विषयात सध्या पत्तेही येतात असे दिसते.) खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेली पाने, मध्ये ताटात पाच उघडी; त्यांची जोडणी ज्याची भारी, तो जिंकतो. मात्र हाती काहीही नसताना भारी असल्याचा आव आणून समोरच्याला पळवून लावता येते. अर्थात, पानांहून माणसे वाचण्याला अधिक महत्त्व. आणि माणसे वाचण्यात माझा हात कोण धरणार? कॉपी करणारा मुलगा मी पाठीवरून ओळखत असे.

पहिले तीन दिवस मी सपाटून जिंकलो. पूर्णिमाने आम्हां प्रत्येकाला एकेक वही दिली होती. डाव सुरू होण्यापूर्वी ‘मी जिंकेन याची खात्री किती टक्के’ आणि संपल्यावर ‘असे का झाले’ हे तीत लिहायचे. माझ्या वहीत विजयांपुढे ‘निरीक्षण’, ‘संयम’, ‘तर्कशुद्धता’ अशी कारणे आहेत. अधूनमधून झालेल्या पराभवांपुढे ‘पंखा’, ‘शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट’ आणि एके ठिकाणी ‘उपमा’ असे आहे. (उपमा खरोखरच कच्चा होता.) नात वही चाळून म्हणाली, “आजोबा, जिंकलात की डोकं तुमचं, आणि हरलात की दोष पंख्याचा, असं कसं?” मी तिला म्हणालो, वस्तुस्थितीच तशी असेल तर मी काय करू? तेव्हा तिने आणखी विचारले, “आणि हरल्यावर तुमची खात्री पंच्याण्णवची अठ्ठ्याण्णव टक्के कशी होते?” मी उत्तर दिले की, आता मला चूक कळलेली असते, म्हणून. तिने ते वाक्य तारखेसह उतरवून घेतले. माझी वाक्ये पूर्वीही मुले उतरवून घेत असत.

आता मुख्य प्रसंग. विहीणबाईंची एक खूण मी हेरली होती. पाने चांगली आली की त्या पदराचे टोक हातावर ओढून पाने झाकीत. वाईट आली की हात उघडाच. चार वेळा पडताळा घेतला, चारही वेळा खरे. तो शोध मी कोणाला सांगितला नाही. सांगण्यासारखे काही आहे एवढेच दोन दिवस सर्वांना सांगत होतो. त्या दुपारी माझ्या हाती दोन राजे आले. ताटात उघडलेल्या पानांत फुटकळ रंगांची भरताड आणि एक अठ्ठी. भीतीचे कारण नाही. विहीणबाईंचा हात उघडा, पदर खांद्यावर. मी वहीत शंभर टक्के लिहिले आणि सगळे चिंचोके पुढे सारले. त्यांनीही सारले, आणि वर मूठभर अधिक टाकले.

“चिंचोकं संपलं व्हय, मास्तर?” त्यांनी विचारले. “मग ऱ्हाऊ दे. पानं टाका खाली.”

परशराम, १९८४ पासून मी स्कूटर चालवतो. गेली दोन वर्षे रविराज ती सोडा म्हणून मागे लागला आहे, आणि तुझ्या आक्काचा त्याला पाठिंबा आहे. ती स्कूटर म्हणजे वाचनालय, भाजी मंडई, पावसाळ्यात एकदा जांबोटीची फेरी. थोडक्यात, कोणाला न विचारता घराबाहेर पडण्याचा माझा हक्क. तो हक्क मी खिशातून काढून ताटात ठेवला आणि साक्षीदारांसमोर म्हणालो, हरलो तर चावी कायमची तुमची.

त्यांच्या हाती दोन अठ्ठ्या निघाल्या. ताटातली एक धरून तीन; आणि तीन सारखी पाने राजांच्या जोडीहून भारी.

मग तुझी आक्का म्हणाली, “आता द्या ती चावी. शब्द दिलायसा न्हवं?” तिच्या आवाजात दुःखाचा लवलेश नव्हता. मी विहीणबाईंना पदराविषयी विचारले. त्या इतक्या हसल्या की पूर्णिमाने डोळ्यावर ताण येईल म्हणून त्यांना दटावले. त्यांचे उत्तर तसेच्या तसे देतो (क्रियापदे त्यांची आहेत, माझी नव्हेत): “मास्तर, मालक गेल्यावर वीस वर्सं मी बैलबाजार केलाय. तिथं भाव टावेलाखाली बोटं धरून ठरतोय. वरनं मी फडक्याकडं कधी बघितलं न्हाय. फडकं दाखवायलाच असतंय. मी माणसाच्या तोंडाकडं बघायची. तुम्हांस्नी चांगली पानं आली की तुम्ही गप बसतासा. फसवायचं असलं की कुणाचं तरी बोलणं सुधारायला लागतासा.” मी तत्काळ खुलासा केला की ‘तुम्हांस्नी’ हे रूप ग्रांथिक नव्हे. त्यावर घरातली तिन्ही माणसे पुन्हा हसत सुटली. कारण अद्याप कळलेले नाही.

विहीणबाई मनाने मोठ्या. त्यांनी सवलत दिली: रोज सकाळी एक डाव खेळायचा, मी जिंकलो तर त्या दिवसापुरती चावी माझी. तेव्हापासून चहा होताच आम्ही बसतो. त्या बैलांच्या गोष्टी सांगतात, मी त्यांचे उच्चार सुधारत नाही (डावपेच म्हणून), आणि साडेदहा कधी वाजतात ते समजत नाही. एरवी निवृत्तीनंतर साडेदहा वाजवणे हे फार कष्टाचे काम होते.

तुझा दाजी,
भावकू

ता. क. १ : तू शुक्रवारी, १ ऑगस्टला जीप घेऊन विहीणबाईंना न्यायला येणार आहेस. त्यांच्याबरोबर माझी चावीही निपाणीला जाईल. तरी जीप दुरुस्तीला टाकली आहे असे फोनवर कळवून ८ तारखेला यावेस. असत्य बोलण्याची मला सवय नाही, म्हणून ते तू बोलावेस. हे केवळ चावीसाठी आहे; आणखी कोणताही अर्थ काढू नये. येताना चिंचोके आण.

ता. क. २ : तुझ्या आक्काने सांगितलेल्या तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त करून घ्याव्यात.

शस्त्रक्रिया : बुधवार, २ जुलै. (‘जूनअखेर’ नव्हे.)

चावी गेली : मंगळवार, ८ जुलै. (सोमवारी उपमा होता.)

चावी गेल्यानंतरचा माझा पहिला विजय : गुरुवार, १० जुलै, गुरुपौर्णिमा. त्याच स्कूटरवरून तुझ्या आक्काला दत्तमंदिरात सोडले.

दुसरा विजय : गुरुवार, १७ जुलै. विहीणबाईंनी पाने न दाखवताच खाली टाकली. माझ्या चेहऱ्याचा दरारा. पुढे दत्तमंदिर.

तिसरा विजय : गुरुवार, २४ जुलै. तसेच. दत्तमंदिर.

इतर सर्व दिवस : पंखा.

चावी कायमची परत जिंकण्याचा दिवस : गुरुवार, ३१ जुलै. तो वार मला लाभतो, हे माझे मीच शोधून काढले आहे. खात्री शंभर टक्के. तुझ्या आक्काने त्या दिवशीच्या दत्ताच्या हाराची मागणी आजच फुलवाल्याकडे नोंदवून ठेवली; तिचाही माझ्या खेळावर इतका विश्वास बसलेला पाहून ऊर भरून आला.